नाचायला जाण्याआधी परतीची सोबत ठरव

प्रश्न : ताई, मी मूळची फोंडा तालुक्यातली, वय २३. सप्टेंबरपासून पदव्युत्तर शिक्षणासाठी लिस्बनला आहे. बाबांनी बँकेचे कर्ज काढून मला पाठवले. मी राहते त्या घरात ब्राझीलची एक, केप व्हर्डची एक आणि कोचीची एक अशा आणखी तिघी जणी आहेत. शुक्रवारी रात्री त्या नाचायला जातात आणि ‘तू गोव्याची, तुला काय शिकवायचं!’ असे म्हणून मलाही ओढतात. मी गोव्यात कधी क्लबमध्ये पाऊलही टाकले नव्हते, हे त्यांना खरेच वाटत नाही. मागच्या महिन्यात एकदा गेले. पहिला तासभर भिंतीला टेकून सगळ्यांच्या पर्स सांभाळल्या. मग केप व्हर्डच्या मैत्रिणीने हात धरून मध्ये नेले आणि खरे सांगायचे तर त्यानंतर फार मजा आली. दीडच्या सुमारास आईचा व्हिडिओ कॉल आला, तो मी कट केला आणि ‘झोपले होते’ असा मेसेज टाकला. नंतर दोघी त्यांच्या ओळखीच्या लोकांबरोबर दुसरीकडे गेल्या, कोचीची आधीच घरी गेली होती, त्यामुळे मी एकटीच रात्रीच्या बसने परत आले. आता एका फोटोत मला टॅग केले आहे आणि त्याखाली म्हापशाच्या मावसबहिणीने ‘मजा आहे बाबा तुझी’ असे लिहिले आहे. मावशीला कळले म्हणजे आईला कळलेच. पुढच्या शुक्रवारी सगळ्या पुन्हा जाणार आहेत. मी जावे का? आईला सांगावे का? आणि बापाच्या कर्जावर शिकणाऱ्या मुलीला हे शोभते का?

उत्तर : तू मला ताई म्हटले आहेस, म्हणून मीही अगंतुगं करते. तुझे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे मी देणार आहे. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी अडखळले ते ज्या वाक्यापुढे तू प्रश्नचिन्हच लावलेले नाहीस तिथे. घरातून निघताना तुम्ही चौघी होतात आणि अपरात्री परक्या शहरात बसची वाट पाहत तू एकटी उभी होतीस. पाऊस आला म्हणून छत्री उघडली, इतक्या सहजपणे तू ते सांगून पुढे गेली आहेस. माझ्या मते तुझ्या येत्या शुक्रवारचा निर्णय या एका गोष्टीवर व्हायला हवा. नाच, आई आणि कर्ज यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

आधी तुझ्या मैत्रिणींच्या त्या समजुतीबद्दल थोडे बोलते, कारण तिचे ओझे तू विनाकारण वाहते आहेस असे दिसते. जगाला गोवा माहीत आहे तो हणजुणे, वागातोर आणि तिथल्या रात्रभर चालणाऱ्या संगीताचा. फोंड्याहून ती किनारपट्टी गाडीने तास-सव्वा तासावर असली, तरी फोंड्यातल्या बहुतेक घरांतल्या मुलींना ती पर्यटकांइतकीसुद्धा परिचयाची नसते. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांना या गोष्टीची एक गमतीदार लाज वाटते, असे मी पाहिले आहे. गोव्याचे असून नाचता येत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी उणे आहे, असे त्यांना वाटू लागते. तसे काही नाही. कोणाच्या तरी मनातल्या गोव्याला जागण्यासाठी तू नाचायला जाण्याची मुळीच गरज नाही. तुला आवडले, एवढे कारण पुरेसे आहे, आणि ते तू स्वतःच पत्रात लिहिले आहेस.

शिवाय रात्र आणि नाच या दोन्ही गोष्टी तुझ्या घराला परक्या आहेत, हेही तितकेसे खरे नाही. म्हार्दोळ, मंगेशी, कवळे या बाजूला वाढलेल्या मुलीला जत्रेची रात्र काय असते ते मी सांगायला नको. पालखी, फेरी, मग मंडपातले नाटक, आणि ते संपता संपता उजाडायला लागलेले असते. आईच्या मांडीवर झोपलेली लहान मुले असतात, तशा मैत्रिणींबरोबर घोळक्याने फिरणाऱ्या तरुण मुलीही असतात, आणि त्यांना कोणी वेळ विचारत नाही. चवथीला तू फुगडी घातली असशीलच. आणि तुझ्या आजीला, निदान तिच्या आईला, धालो माहीत असणार. पौषातल्या चांदण्या रात्री, जेवणखाण आटोपल्यावर, वाड्यावरच्या बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, जमायच्या, दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहायच्या आणि गाणी म्हणत पुढे झुकत, मागे सरत रात्र जागवायच्या. कित्येक गावांत अजूनही जमतात. तिथे पुरुषांना स्थान नाही, आणि घरच्या पुरुषांनी त्यावर हरकत घेतल्याचेही ऐकिवात नाही.

ती हरकत का घेतली गेली नाही, याचे ‘तो धार्मिक विधी होता’ हे उत्तर अपुरे आहे. मांडावर कोण आली, कोण आली नाही, कोणाची सून आज गप्प आहे, कोणाची मुलगी मध्येच उठून गेली, हे तिथल्या प्रत्येक बाईला न मोजता कळत असे. सगळ्या जणी मिळून यायच्या आणि मिळून परतायच्या. तुझ्या घरच्यांचा विश्वास होता तो या सोबतीवर. आता लिस्बनमधल्या त्या रात्रीकडे बघ. तू बसमध्ये चढलीस तेव्हा, तू तिथे आहेस हे पृथ्वीच्या पाठीवर कोणालाही ठाऊक नव्हते. मैत्रिणींना वाटत होते की तू आतच कुठेतरी आहेस किंवा घरी पोचली असशील, आणि आईला वाटत होते की तू झोपली आहेस. त्या रात्री काही झाले नाही, आणि लिस्बन हे काही भयंकर शहर नाही. तरीही काही झाले असते तर ते कोणाच्या लक्षात कधी आले असते, या प्रश्नाचे उत्तर मला सकाळपर्यंत तरी सापडत नाही.

म्हणून पहिले काम मैत्रिणींशी बोलण्याचे. ते शुक्रवारी, सगळ्या आरशासमोर घाईत असताना, करू नकोस. मंगळवारी किंवा बुधवारी स्वयंपाकघरात दोघी-तिघी एकत्र असतील तेव्हा कर. आवाज न चढवता आणि रडवेली न होता एवढेच सांग की मागच्या वेळी मी एकटी परतले, ते मला आवडले नाही आणि मला भीती वाटली. यापुढे मी येईन, पण निघताना कोणीतरी एक जण माझ्याबरोबर असेल हे आधी ठरवून. इतके स्पष्ट बोलण्याची आपल्याला सवय नसते. आपल्याकडे समोरच्याने ओळखून घ्यावे अशी अपेक्षा असते आणि त्याने ओळखले नाही की आपण मनात धरून बसतो. त्या दोघींनी तुला मुद्दाम टाकले असे मला वाटत नाही. त्यांच्या सवयीप्रमाणे प्रत्येक जण आपापले पाहतो, आणि ‘मला सोबत हवी’ असे तू त्या रात्री म्हणाली नाहीस. सांगितल्यावर त्यांना वाईट वाटले आणि त्यांनी ऐकले, तर त्या मैत्रिणी आहेत. त्यांनी ते हसण्यावारी नेले, तर घरभाडे वाटून घ्यायला त्या चांगल्या आहेत, रात्री बाहेर जायला नाहीत, आणि मग तू दुसरा गट शोध.

तोपर्यंत कोचीच्या मुलीकडे तुझे लक्ष कसे गेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ती आधीच घरी गेली, असे तू लिहितेस. याचा अर्थ त्या घरात पहाटेपर्यंत थांबण्याची इच्छा नसलेली तू एकटी नाहीस. तिलाही कदाचित घरून फोन येत असतील आणि तिनेही कदाचित काहीतरी थाप मारली असेल. तुम्ही दोघींनी जोडी करा. बरोबर निघायचे, बरोबर परतायचे, आणि एकीला कंटाळा आला की दुसरीने कुरकुर न करता उठायचे. बाकीच्या दोघींना हवे तितका वेळ थांबू दे. सगळ्यांची रात्र एकाच वेळी संपली पाहिजे, असा काही नियम नाही.

जोडीचा हा आग्रह मी धरते, त्याला तिथल्या रात्रीचे वेळापत्रकही कारणीभूत आहे. लिस्बनची मेट्रो रात्री एकला थांबते आणि सकाळी साडेसहाला पुन्हा सुरू होते. आपल्याकडे जेव्हा भांडी घासून, कडी लावून माणसे अंथरुणावर पडतात, तेव्हा तिथले लोक जेवायला बसतात. त्यानंतर टेकडीवरच्या बाइरो आल्तो या वस्तीच्या गल्ल्यांतून हातात पेला घेऊन गप्पा मारत उभे राहायचे, तिथले बार दोन-तीनच्या सुमारास बंद होऊ लागले की उतार उतरून नदीकाठच्या काइश दो सोद्रे या भागाकडे यायचे, आणि नाचाच्या जागा खऱ्या भरतात त्या त्याच सुमारास. याचा अर्थ ‘थोडा वेळ जाऊन येते’ हा बेत मेट्रोच्या भरवशावर जमणारा नाही. एकतर लवकर जाऊन शेवटच्या मेट्रोआधी परतावे, किंवा उशिरा परतायचे हे मान्य करून दोघींनी मिळून टॅक्सी करावी. रात्रीच्या बस, म्हणजे त्या २०० च्या पुढच्या क्रमांकांच्या, काइश दो सोद्रेवरून सुटतात आणि त्या वाईट नाहीत. पण त्यांतल्या दोन बसच्या मधला वेळ स्टॉपवर काढावा लागतो आणि तो एकटीने काढू नये. टॅक्सीचे पैसे निघण्यापूर्वीच वेगळे काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस.

क्लबमधल्या काही बारीक गोष्टी तुला एका रात्रीत कळल्याही असतील, तरी सांगते. काही ठिकाणी दारावर एक कार्ड देतात, आत जे घ्याल त्याची नोंद त्यावर होते आणि बाहेर पडताना हिशेब होतो. ते कार्ड हरवले तर दंड बसतो, म्हणून ते पर्सच्या आतल्या कप्प्यात असू दे आणि पर्स तुझ्याच खांद्याला असू दे. दुसऱ्यांच्या पर्स सांभाळत भिंतीपाशी उभे राहण्याचे काम पुन्हा अंगावर घेऊ नकोस. कपडे-सामान ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. पेला बारवाल्याच्या हातून घ्यावा आणि संपेपर्यंत हातातच ठेवावा. नाचायला जाताना तो कुठे टेकवलास, तर परत येऊन तोच उचलू नकोस, दुसरा घे. पोर्तुगालमध्ये दारू पिण्याचे कायदेशीर वय १८ आहे. तुझे वय त्यात बसते, पण प्यायलाच हवे असे कोणीही म्हणू शकत नाही. सोडा मागवून त्यात लिंबू टाकून घे. त्या अंधारात तुझ्या पेल्यात काय आहे ते बघायला कोणाला फुरसत नसते.

रस्त्यावर कोणी जवळ येऊन काहीबाही विकत देऊ लागला, तर न थांबता पुढे जा. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरते थोडे अमली पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा ठरवणे सोडले, याचा तिथे आलेली मुले ‘तिथे सगळे चालते’ असा अर्थ लावतात. तसा तो नाही. ते बेकायदेशीर आहेच, फक्त शिक्षेचा मार्ग बदलला आहे, आणि विकणाऱ्यावर खटला होतोच. शिक्षणासाठीच्या परवान्यावर परदेशात राहणाऱ्या मुलीने त्या वाटेला जाऊ नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे. पायांबद्दलही सांगते. लिस्बनचे पदपथ छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, झिजून गुळगुळीत झाले आहेत, चढ-उताराचे आहेत, आणि पावसाने ओले झाले की त्यांच्यावरून तिथलीच माणसे घसरतात. उंच टाचांचे बूट तिथल्या फोटोंत शोभतात, पण पहाटे दोनला घाई करायची वेळ आली तर ते कामाचे नाहीत.

आता नाचाबद्दल. ‘मला नाचता येत नाही’ असे तू सरळ लिहिले नसलेस, तरी भिंतीला टेकून काढलेला तो तास तेच सांगतो. त्या जागी एकटीने किंवा घोळक्याने उड्या मारायला कोणतेही कौशल्य लागत नाही. पण लिस्बनमध्ये आहेस, तर आफ्रिकन नाचांच्या रात्री चुकवू नकोस असे मी म्हणेन. किझोंबा अंगोलातून आला आणि फुनाना तुझ्या मैत्रिणीच्या केप व्हर्डचा. हे दोन्ही देश १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते, आपण १९६१ पर्यंत होतो, आणि त्या देशांतून आलेल्या लोकांनी आपली गाणी आणि पावले बरोबर नेऊन लिस्बनच्या रात्रीला आज जो रंग आहे तो दिला. किझोंबाच्या रात्री बऱ्याचदा आरंभी तासभर शिकवतात. त्या तासाला जा. सगळेच नवखे असतात, दिवे लागलेले असतात आणि कोणी प्यायलेले नसते. फुगडीत समोरचीच्या हातावर आपला तोल पूर्ण टाकावा लागतो, तिने हात सोडला तर आपण आपटणार हे माहीत असून टाकावा लागतो, हे तुला लहानपणापासून येते. जोडीने नाचताना शिकणाऱ्यांना सगळ्यात जड जाते ते नेमके हेच.

किझोंबा अंगाला अंग लागेल इतक्या जवळून नाचतात, म्हणून सुरुवात मैत्रिणीबरोबरच कर. अनोळखी माणसाने नाचायला विचारणे ही तिथली रीत आहे, त्यात वावगे काही नाही. तसेच ‘नाऊं, ओब्रिगादा’ म्हणून नाकारणे हीही तिथली रीत आहे आणि त्याचे कारण द्यावे लागत नाही. आपल्या मुली नकार देताना हसतात, ‘पाय दुखतो’, ‘नंतर बघू’ असे काहीतरी पुढे करतात, आणि मग तो माणूस खरोखरच नंतर येतो. नकाराला शेपूट जोडू नकोस. गाणे अर्ध्यावर असताना कोणाचा हात जिथे नको तिथे गेला, तर गाणे संपण्याची वाट न पाहता बाजूला हो आणि सरळ आपल्या जोडीदारणीपाशी जा. प्रकरण त्यापुढे गेले तर दारावरच्या माणसाला सांग. आणि पोलिसांचा, रुग्णवाहिकेचा क्रमांक तिथे ११२ आहे, तो आपल्याकडचाच असल्याने लक्षात ठेवायला सोपा.

कर्जाच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. बाबांनी कर्ज काढले ते तुझ्या पदवीसाठी. तुझे तास बुडत नसतील, परीक्षा नीट होत असतील आणि शनिवारी दुपारपर्यंत लोळून पडल्याने अभ्यासाचा आठवडा कोसळत नसेल, तर त्या कर्जाशी तू प्रामाणिक आहेस. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रात्रीचा खर्च आधी ठरव, तेवढे युरो वेगळे काढ, ते संपले की त्या महिन्यात घरी बसून मैत्रिणींना सोलकढी करून पाज. आमसुले बरोबर नेली असशीलच. मात्र ‘माझ्यासाठी घरच्यांनी एवढे केले, मग मी हसावे कसे’ हा विचार पोसू नकोस. परदेशात शिकणाऱ्या मुलींच्या पत्रांत तो मला वारंवार दिसतो, आणि मुलग्यांच्या पत्रांत जवळजवळ कधीच दिसत नाही. कर्ज मात्र दोघांच्याही बापांनी सारखेच काढलेले असते.

राहिली आई. तिला सांग. मावशीच्या तोंडून कळण्याआधी सांग, म्हणजे हे उत्तर वाचून झाल्यावर लगेचच. तरुण माणसाने आईबापांना आपले सगळे सांगितलेच पाहिजे, असे मी मानत नाही. तू काय प्यालीस, कोणाबरोबर नाचलीस, हे तुझ्यापाशी राहिले तरी काही बिघडत नाही. पण तू कुठे आहेस याबद्दल खोटे सांगणे मला मान्य नाही. त्यातल्या पापपुण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव आणि एवढे बघ की तुझ्या ठावठिकाण्याची चुकीची माहिती ज्या एका व्यक्तीला तू दिलीस, तीच व्यक्ती अडचणीच्या वेळी सगळ्यात आधी हालचाल करणार होती.

तिची भीती हसण्यासारखी नाही, हेही ध्यानात घे. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. मेलेल्यांत बहुतेक तिथे नोकरी करणारे होते. तू तेव्हा लिस्बनमध्ये होतीस, आणि इथे मात्र कित्येक दिवस घराघरांत दुसरे बोलणे नव्हते. ‘क्लब’ हा शब्द तुझ्या आईच्या कानावर पडला की तिच्या डोळ्यांसमोर आज पहिल्यांदा तेच येणार. तिच्याशी ‘तिकडे तसे नसते’ असा वाद घालू नकोस. कुठल्याही गर्दीच्या जागी शिरल्यावर आधी बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहून ठेवायचे आणि एकच अरुंद जिना असलेल्या तळघरात थांबायचे नाही, ही सवय लावून घे, आणि ती लावली आहेस हे तिला सांग. घाबरलेल्या माणसाला पटवून देण्यापेक्षा काय व्यवस्था केली आहे हे सांगितलेले बरे, असा माझा अनुभव आहे.

सांगण्याची वेळही नीट निवड. हिवाळ्यात तुझ्यात आणि तिच्यात साडेपाच तासांचे अंतर आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे पुढे गेली की ते साडेचार तासांचे होईल. तिथे दुपारचे चार वाजलेले असतात तेव्हा इथे रात्रीची जेवणे झालेली असतात, ओटा पुसून आई जरा टेकलेली असते. त्या वेळी फोन कर, चॅटवर टाकून मोकळी होऊ नकोस. आधी मागच्या वेळचे सांग: ‘आई, त्या दिवशी मी झोपले नव्हते, मैत्रिणींबरोबर नाचायला गेले होते, तुला राग येईल म्हणून खोटं बोलले.’ मग थांब. तिला जे बोलायचे असेल ते बोलू दे. ‘एवढ्यासाठी पाठवलं का तुला?’ हे वाक्य येईल, त्यासाठी तयार राहा आणि त्याला उत्तर देऊ नकोस. बाबांना कसे आणि कधी सांगायचे ते तिच्यावर सोपव. त्या घरात ती तुझ्यापेक्षा जास्त वर्षे राहिली आहे. त्यानंतर पुढचे सांग: कोणाबरोबर जाणार, जागेचे नाव काय, कोचीच्या मुलीचा नंबर कोणता आणि घरी पोचल्यावर मेसेज येईल.

इथे एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. तुझे मध्यरात्रीनंतरचे दीड-दोन म्हणजे तिचे सकाळचे सात-साडेसात. परसातली जास्वंद खुडून, देवपूजा आटोपून ती चहाचा कप घेऊन फोन हातात घेते, आणि मागच्या वेळी नेमका तोच कॉल तुला अडचणीचा वाटला. पण दुसऱ्या कोणत्या मुलीची आई अशा वेळी ताजीतवानी आणि जागी असते? गोव्यातच राहून तू रात्री दोनला परतली असतीस, तर ती डोळे ताणून बसली असती. तिथून तू ‘पोचले, दार लावले’ असे पाठवलेस की तिचा दिवस नेहमीसारखा सुरू होईल. आणि ठरल्या वेळी मेसेज आला नाही, तर कोचीच्या मुलीला फोन करणारे कोणीतरी जागे असेल. मांडावर जी सोबत न मागता मिळत होती ती तिथे अशी जोडून घ्यावी लागेल.

ती ‘जाऊ नकोस’ म्हणाली तर काय, हे तू विचारलेले नाहीस, पण विचारशील. तू तेवीस वर्षांची आहेस. तू तिला कळवते आहेस, परवानगी मागत नाहीस, आणि हे अंतर तुझ्या बोलण्यात राहू दे, पण आवाजात नको. दोन दिवस अबोला धरेल, तिसऱ्या दिवशी ‘जेवलीस का?’ असा मेसेज येईल. मावसबहिणीच्या शेऱ्याला त्याच फोटोखाली हसतमुखाने उत्तर दे, ‘हो गं, पुढच्या वेळी तूही ये’, आणि तो फोटो काढून टाकायला कोणाला सांगू नकोस. आईला एकदा कळल्यावर त्या फोटोत लपवण्यासारखे काही उरत नाही, आणि मुली ज्या घाईने फोटो काढून टाकतात त्या घाईनेच मावश्यांना संशय येतो.

येत्या शुक्रवारचे म्हणशील तर कोचीच्या मुलीला आधी विचार. ती तयार झाली, आईशी बोलणे झाले, तर अवश्य जा आणि या वेळी भिंतीपाशी तासभर घालवू नकोस. ती तयार नसेल आणि बाकीच्या दोघींनी सोबतीचे कबूल केले नसेल, तर हा शुक्रवार सोड. जूनच्या १२ तारखेच्या रात्री लिस्बनमध्ये सांत आंतोनचे, म्हणजे संत अँथनीचे, फेस्त (उत्सव) असते. आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सार्डिन भाजण्याचा धूर भरलेला असतो, खिडक्यांत तुळशीच्याच कुळातल्या एका झुडपाच्या कुंड्या विकायला मांडलेल्या असतात, आणि आज्या, नातवंडे, पोलीस, पाहुणे असे सगळे उघड्या रस्त्यावर नाचत असतात. आईला त्या रात्री तिथूनच कॉल लावलास तरी चालेल. तोपर्यंत किझोंबाचा तो शिकवणीचा तास दोन-चारदा करून घे.